ॲनोटेशनमधले कॉन्स्टंट आणि कोड जनरेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने झाले, राउटिंगचे (कोणता पाथ कुठल्या कोडकडे जातो ते सांगणारे) क्लास मी हाताने लिहिलेले नाहीत. जावाचा ॲनोटेशन प्रोसेसर कंपाइल होताना ॲनोटेशनमधली, म्हणजे कोडवर लावलेल्या खुणांमधली, माहिती वाचतो; जावापोएट ही कोड लिहिणारी लायब्ररी फाइल लिहून देते. एकंदरीत सुखात आहे. कुरबुर आहे ती कॉन्स्टंटची, म्हणजे नाव दिलेल्या न बदलणाऱ्या व्हॅल्यूंची.

ॲनोटेशनमध्ये मूळ पाथचा कॉन्स्टंट घेऊन त्याला पुढचा तुकडा जोडला, तर प्रोसेसरच्या हाती जोडून तयार झालेली स्ट्रिंग पडते. कॉन्स्टंटचं नाव काय होतं, याचा मागमूस नाही. त्यामुळे जनरेट झालेल्या फाइलीत सगळीकडे लिटरल, म्हणजे नावाऐवजी थेट लिहिलेली व्हॅल्यू. एकदा दुसऱ्या जारमधला (आधीच कंपाइल झालेल्या लायब्ररीतला) कॉन्स्टंट बदलला, तरी जुनाच पाथ चालू राहिला. अर्धा दिवस जनरेटरला शिव्या घातल्या. मग उजेड पडला की नाव जपलं असतं तरी हेच झालं असतं: कंपायलर कॉन्स्टंटची व्हॅल्यू वापरणाऱ्याच्या क्लास फाइलीत कोरून टाकतो, स्पेसिफिकेशनच तसं सांगतं. आमचं मॉड्यूल पुन्हा कंपाइलच झालं नव्हतं.

नाव हरवल्याची खरी झळ अँड्रॉइडवाल्यांना बसली. लायब्ररी मॉड्यूलमधले रिसोर्स आयडी (स्क्रीनवरच्या बटणं-चित्रांचे क्रमांक) फायनल, म्हणजे कायमचे ठरलेले, नसतात, म्हणून ॲनोटेशनमध्ये चालत नाहीत. बटरनाइफ या अँड्रॉइड लायब्ररीने त्यासाठी 'आर-टू' हा फायनल आयडींचा जुळा क्लास काढला आणि मूळ नाव मिळवायला थेट सोर्सचा ट्री (कंपायलरने केलेली कोडची रचना) धुंडाळला.

सगळ्यात वाईट खोड वेगळीच. प्रोसेसर राउंडने, म्हणजे फेऱ्यांनी, चालतात; कॉन्स्टंट दुसरा प्रोसेसर तयार करणार असेल, तर पहिल्या राउंडला तो नसतोच. तेव्हा कंपायलर तिथल्या तिथे थांबत नाही. व्हॅल्यू म्हणून चक्क 'एरर' हा शब्द, कोनी कंसांसकट, हातावर ठेवतो. पुढच्या राउंडला कॉन्स्टंट येतो आणि बिल्ड हिरवं! आमच्या एका राउटचा पाथ दोन दिवस 'एरर' होता. आता असं एलिमेंट (ॲनोटेशन लावलेला क्लास किंवा मेथड) मी पुढच्या राउंडवर ढकलतो.

व्हॅल्यू परत लिहिताना जावापोएटमध्ये डॉलर-एस (कोटसकट स्ट्रिंग लिहिणारी खूण) याच्या जागी डॉलर-एल (जसंच्या तसं लिहिणारी) दिलं की स्ट्रिंगचे कोट गायब. म्हणून कोट आणि खास अक्षरं नीट लिहिण्याचा, म्हणजे एस्केपिंगचा, कोड मी स्वतः लिहिला होता. चौथ्या महिन्यात कळलं की 'गेट कॉन्स्टंट एक्स्प्रेशन' ही व्हॅल्यू जावा कोडच्या रूपात लिहून देणारी मेथड जावा 6 पासून आहे: लाँगला एल लावते, बाइटला कास्ट करते, डबलचा नॅन ('आकडाच नाही' ही व्हॅल्यू) 0.0/0.0 असा लिहिते.

सध्या प्रत्येक जनरेट झालेल्या मेथडवर मूळ क्लासचं नाव कॉमेंटमध्ये टाकतो. कॉन्स्टंटचं नाव त्यात नसतं, पण शोध कुठून सुरू करायचा ते तरी कळतं.