साठ पौंडांचे गमबूट आणि माझी साडेतीनशे झाडं

पायातून काढायचं म्हटलं की हे बूट भांडायला उठतात. पोटरीला घट्ट बसतात, आत जरा घाम आला की टाच सुटत नाही, आणि मग पडवीच्या पायरीत टाच अडकवून झटापट करावी लागते. एकदा तर आमच्या हिने दोन्ही हातांनी बूट धरला आणि मी मागे सरकलो. शेजारचे आबा कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "गुरुजी, बूट बरे आसत, पण काढूक दोन माणसां लागतत."

तक्रार आधीच सांगून टाकली, कारण पुढे बरंच कौतुक आहे.

मी दोडामार्ग तालुक्यात राहतो. शिक्षक म्हणून निवृत्त झालो, आता सुपारी, थोडे काजू आणि साडेतीनशे रबराची झाडं बघतो. केरळहून आलेल्या मंडळींनी इकडे जमिनी घेऊन रबर लावलं, त्यांचं बघून आम्हीही लावलं. डोंगरची झाडी तोडून सगळीकडे रबर झालं हे काही बरं झालं नाही, पण तो विषय वेगळा. पहाटे अंधारात चीक काढायला जावं लागतं, दिवस चढला की चीक नीट वाहत नाही. त्या वेळी पालापाचोळ्यात फुरसं असतं, पावसाळ्यात जळवा असतात. त्यामुळे गमबूट ही आमच्याकडे हौस नाही.

आतापर्यंत दोडामार्गच्या बाजारातले साडेचारशे रुपयांचे काळे बूट वापरत होतो. त्यांनाही सगळे रबराचेच म्हणतात, पण ते पीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिक. साच्यात ओतले आणि झालं. दीड-दोन पावसाळ्यांत घोट्यापाशी, जिथे पाय दुमडतो तिथे, चीर पडते. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून आणखी दोन महिने ढकलायचे.

भाचा गोव्यातल्या डिचोलीचा. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मले त्या आधारावर त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, आणि आता तो इंग्लंडात स्विंडनला एका गोदामात काम करतो. तिथे गोव्याची माणसं पुष्कळ. गेल्या चतुर्थीला मोपा विमानतळावर उतरला तो हे हिरवे बूट बॅगेत घालूनच. सेलमध्ये साठ पौंड पडले म्हणाला, म्हणजे आपले सुमारे सात हजार. मी कपाळाला हात लावला.

मग हिशेब मांडला. वाईट सवय, पण आमच्याकडे दिवस उजाडतो तो मोबाइलवर कोट्टायमचा, म्हणजे केरळातल्या रबराच्या मोठ्या बाजाराचा, भाव बघून. आरएसएस-4 प्रतीच्या शीटचा, म्हणजे चीक गोठवून धुरावर वाळवलेल्या रबराच्या पत्र्याचा भाव, आणि त्याच्या बाजूला बँकॉकचा. 2011 मध्ये किलोला 240 च्या वर गेलेलं रबर 2016 च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आलेलं आम्ही पाहिलंय. ऑगस्ट 2024 मध्ये भावाने पुन्हा उच्चांक गाठला. किलोला 200 धरले तरी हे बूट पस्तीस किलो शीटचे झाले. जोडी काट्यावर ठेवली तर दोन किलो शंभर ग्रॅम. त्यात कापडाचं अस्तर, भराव वगैरे धरलं तर खरं रबर किलोभरही असेल-नसेल. म्हणजे माझ्या खळ्यातून दोनशेला गेलेला माल चिकटवून, भाजून, नाव छापून सात हजाराला परत येतो.

बुटाच्या आत शिक्का आहे, मेड इन चायना. जगात सगळ्यात जास्त रबर पिकवतो थायलंड आणि सगळ्यात जास्त विकत घेतो चीन, तेव्हा चीक बहुधा थायलंडचाच. नाव मात्र इंग्रजी घराण्यासारखं. यात नवल नाही. एडिंबरोची नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी 1856 ची. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलासाठी तिने सैन्याला दहा लाखांहून जास्त जोड पुरवले. त्याच परंपरेतल्या 'हंटर' बुटांचं उत्पादन 2008 मध्ये ब्रिटनबाहेर गेलं. माझा जोड त्या कंपनीचा नाही, पण वाट तीच. तसं बघायला गेलं तर झाडाची वाट त्याहून लांबची. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने 1876 मध्ये रबराच्या झाडाच्या, ब्राझीलहून 70,000 च्या आसपास बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या, तिथली रोपं सिलोन-सिंगापूरला गेली, पुढे ती केरळात आली, आणि तिथून आमच्या डोंगरावर. काजूही ब्राझीलचाच, तो पोर्तुगीजांनी आणला. माझी निम्मी बाग एका देशाने दिली आणि त्या देशातलं एक माणूस मी पाहिलेलं नाही.

भाच्याने एक गंमत सांगितली. तो दिवसभर खोक्यांवरचे कस्टम्सचे आकडे वाचतो. टायर 4011, रबरी हातमोजे 4015. पण रबरी बूट रबराच्या प्रकरणात येतच नाहीत, ते पादत्राणांत, 6401. आणि त्याच आकड्याखाली प्लास्टिकचे बूटही. म्हणजे बाजारातला माझा काळा जोड आणि हा हिरवा, कस्टम्सच्या लेखी सख्खे भाऊ.

पायाला मात्र फरक पहिल्या दिवशी कळला. खरं रबर पायाबरोबर वाकतं. उतारावर बसून झाडाचे चिकाचे कप काढताना काळा बूट नडगीला टोचायचा, हा दुमडतो आणि उठलं की सरळ होतो. अख्खा पावसाळा गेला, घोट्यापाशी बारीकशी रेघही नाही. साच्यात न ओतता रबराचे तुकडे साच्यावर हाताने एकावर एक चढवून मग भट्टीत भाजलेले आहेत, जोड दिसतात. ओढ्यातून चालत गेलो, पाणी आत नाही. तळव्याच्या खाचांत तांबडी माती गच्च बसते, ती काटकीने काढावी लागते. शेवाळलेल्या चिऱ्यावर हेही घसरतात, तिथे साठ पौंडांचा काही उपयोग नाही.

अस्तर ही दुसरी अडचण. जुलैत एकदा ओलं झालं की वाळत नाही. चुलीजवळ ठेवले तर रबर खराब होईल या भीतीने मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवतो, रात्रीत दोनदा बदलतो.

ऑगस्टमध्ये बुटांवर पांढरट भुकटी आली. हिला वाटलं बुरशी. तिने प्रेमाने खोबरेल चोपडलं. बूट आरशासारखे चमकले आणि मी ओरडलो. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. साबणाने दोनदा धुतले. ती भुकटी म्हणजे आतली रसायनं वर येतात, ओल्या फडक्याने पुसली की झालं, बुटात खोट नाही.

सुपारीवर कोळेरोगाची, म्हणजे पावसात फळं कुजतात त्या रोगाची फवारणी करताना मात्र हे घालत नाही. बोर्डो मिश्रणात मोरचूद, मोरचुदात तांबं, आणि तांब्याने रबर सडतं. झाडावाल्याला हे माहीत असतं, बूट विकणाऱ्याला असेलच असं नाही. त्या दिवशी जुने काळे बूट, ट्यूबच्या ठिगळासकट. म्हणून ते फेकले नाहीत.

घ्यावेत का? स्वतः सात हजार मोजून मी घेतले नसते. कुणी आणणार असेल तर एक नंबर मोठा सांगा. आपल्याकडची मापं इंग्रजीच असल्यामुळे मी नेहमीचा आठ सांगितला, तिथेच फसलो. जाड मोजे घालायचे तर नऊच हवा होता.

परवा भाच्याचा फोन आला, यंदा आणखी एक जोड आणू का म्हणून. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "माका बूट नको. डोक्याक बांधूची चांगलीशी बॅटरी हाड म्हणा."