बोटीच्या छतावर ताणलेल्या पक्षीरोधक दोऱ्या: दिवाळी ते शिमगा वापरून पाहिल्यावर

मालवणच्या धक्क्याला आमची फायबरची प्रवासी बोट लागते. थंडी सुरू झाली की लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल) किनाऱ्यावर उतरतात आणि उन्हाळा तापेपर्यंत मुक्काम ठोकतात. मासळीवर ताव मारून झाला की विसावा आमच्या छतावर. त्यांच्या विष्ठेतलं युरिक आम्ल नुसत्या पाण्याने सहज विरघळत नाही. उन्हात वाळलं की फायबरची चकाकी जाते ती जातेच. प्रवासी सीटकडे बघून उभेच राहतात, ते वेगळं. म्हणून दिवाळीत दोऱ्या बसवल्या. शिमगा उलटल्यावर सांगतो, पैसे वसूल झाले.

रचना साधी आहे. छताच्या दोन्ही टोकांना वीतभर उंचीच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये फूट-फूट अंतरावर समांतर दोऱ्या. कुरवाचे पंख पसरल्यावर साधारण 1 मीटर भरतात. उतरताना पंखाला दोरी लागते आणि तो वळसा घेऊन निघून जातो. सुरुवातीला काही जण घिरट्या घालत राहिले. एक तर पाय खाली सोडून अगदी दोरीपर्यंत आला, चोच इकडेतिकडे फिरवली आणि शेजारच्या ट्रॉलरवर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यामागचा काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. हिवाळ्यात डोक्याचा तपकिरी रंग उतरून तेवढाच उरतो.

दोरी मात्र जाड आणि रंगीत घ्या. पारदर्शक तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा बारीक धागा) पक्ष्याला दिसत नाही, पंख अडकून तो तिथेच लटकतो. कुरव पाहुणे आहेत, त्यांना उठवायचं आहे, मारायचं नाही. शिवाय 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. तंगूस उन्हाने ठिसूळही होतो. स्क्रू 316 दर्जाच्या, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत. संचासोबत आलेले खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजले आणि छतावर तांबडे ओघळ उतरले. वाऱ्याने दोऱ्या सैलावतात, त्या अधूनमधून ताणाव्या लागतात.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. प्लास्टिकचं घुबड चार दिवस चाललं, मग कावळे त्याच्या डोक्यावर बसू लागले. अल्ट्रासोनिक यंत्र पक्ष्यांसाठी घेऊच नका, तेवढा उंच आवाज त्यांना ऐकूच येत नाही. काटेरी पट्ट्या खांबांच्या टोकांवर उत्तम, घार आणि पाणकावळा दोघेही टळतात. पण प्रवाशांचा हात जाईल तिथे त्या लावू नका. उंदरांसाठी नांगराच्या दोरात ओवायची पत्र्याची तबकडी मिळते. ती दोराला घट्ट बसली आणि बोटीचा दुसरा दोर मोकळा राहिला नाही, तरच उपयोग.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खाणं. लिलावानंतर धक्क्यावर पडलेली मासळीची आतडी आणि पर्यटक उधळतात ती शेव, वेफर्स. ज्या दिवशी धक्का लवकर धुतला जातो, त्या दिवशी छतावर घिरट्यासुद्धा कमी असतात. प्रवाशांना मी आता बोटीत चढतानाच सांगतो, पक्ष्यांना काही टाकू नका. बहुतेक जण ऐकतात.

जुने डाग असतील तर कोरडे खरवडू नका, ती धूळ छातीत जाते. ओलं फडकं घालून भिजू द्या, नाकाला रुमाल बांधा, मग पुसा. पावसाळ्याआधी बोट वर ओढताना दोऱ्या सोडून घरात ठेवा; उघड्यावर राहिल्या तर पुढच्या मोसमाला नव्या घ्याव्या लागतील.