जमा-नावेच्या मॅक्रोला शॉर्टकट: एक्सेल बरं की लिबरऑफिस?

बेळगावच्या रविवार पेठेतली अडत घ्या, निपाणीतली तंबाखूची वखार घ्या, नाहीतर खानापूरकडची पतसंस्था. विवरण मराठीत, सरकारला द्यायचा तक्ता कन्नडात आणि जीएसटी इंग्रजीत, असा एकाच फाईलमध्ये तीन भाषांचा कारभार असतो. रोजमेळात दिवसाला शंभर ओळी भरणाऱ्याला मॅक्रो, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या एका दमात करणारा छोटा प्रोग्राम, हवा आणि तो माऊसला हात न लावता चालायला हवा. त्या एकाच कामापुरती एक्सेल आणि लिबरऑफिस कॅल्क यांची ही पारख. शॉर्टकट लावायला एक्सेल सोपं. मॅक्रोच्या आत मराठी लिहायचं असेल तर मात्र कॅल्कच बरं, शिवाय ते फुकट.

एक्सेलमध्ये ऑल्ट-एफ८ दाबा, मॅक्रो निवडा, ऑप्शन्सवर जा. चौकटीत कॅपिटल जे टाकला की कंट्रोल-शिफ्ट-जे तयार, लहान टाकला तर नुसतं कंट्रोल-जे. कीबोर्ड आधी इंग्रजीवर आणा आणि कॅप्सलॉक बघा, नाहीतर लहान अक्षर टाकलं असं वाटतं आणि लागतं शिफ्टवालं. इथे फक्त अक्षरं चालतात. आकडे आणि फंक्शन की हव्या असतील तर कोडमध्ये ऑनकी, म्हणजे कीला मॅक्रो बांधणारी आज्ञा, वापरावी लागते. त्यात छप्परचिन्ह (^) म्हणजे कंट्रोल, अधिकचिन्ह म्हणजे शिफ्ट, टक्क्याचं चिन्ह म्हणजे ऑल्ट. फाईल बंद होताना तीच ऑनकी ओळ मॅक्रोचं नाव गाळून पुन्हा चालवायची, म्हणजे की मूळ कामावर येते. नावाच्या जागी रिकामे अवतरण ठेवलं तर की मुकीच होऊन बसते. ही चूक बरेच जण करतात.

अक्षर निवडताना हात आवरा. फाईल उघडी आहे तोवर तुमचा मॅक्रो मूळ शॉर्टकटच्या डोक्यावर बसतो. कंट्रोल-एस किंवा कंट्रोल-सी दिलंत तर सेव्ह आणि कॉपी गेलंच. कंट्रोल-शिफ्ट-एल फिल्टरचं आहे, नव्या एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करतं. कंट्रोल-शिफ्टसोबत जमेला जे आणि नावेला एन, ही जोडी मोकळी आहे आणि लक्षातही राहते.

रेकॉर्ड करण्याआधी यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस चालू करा. नाही केलं तर आज बाराव्या ओळीत शिकवलेला मॅक्रो उद्याही बाराव्या ओळीतच लिहील, कालच्या नोंदीवर. आणि मॅक्रो चालला की एक्सेलचं अनडू पुसलं जातं. कंट्रोल-झेड कितीही दाबा, नोंद परत येत नाही. फाईल एक्सएलएसएम म्हणूनच सेव्ह करायची. एक्सएलएसएक्स केली की मॅक्रोही गेला आणि शॉर्टकटही. ईमेलने किंवा डाउनलोड होऊन आलेल्या फाईलचे मॅक्रो एक्सेल अडवतं. फाईल ओळखीची असेल तरच तिच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर खूण करा.

एक खोड मात्र डोकं खाते. कंट्रोल-शिफ्टवाला मॅक्रो आत दुसरी फाईल उघडत असेल, तर फाईल उघडते आणि मॅक्रो तिथेच थांबतो. ना एरर, ना निरोप. बोट शिफ्टवर असतं आणि फाईल उघडताना शिफ्ट दाबलेलं म्हणजे एक्सेलला मॅक्रो नकोत अशी खूण. कोड तासभर तपासत बसू नका, अशा मॅक्रोला शिफ्टविना शॉर्टकट द्या.

आपल्याकडची वेगळी कटकट कीबोर्डची. मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन कीबोर्ड टाकलेले असतात आणि विंडोजमध्ये ते बदलायला बरेचदा ऑल्ट-शिफ्ट किंवा कंट्रोल-शिफ्टच ठेवलेलं असतं. बोट अडखळून जे दाबायचा राहिला की भाषा बदलते आणि पुढची रक्कम कुठल्या लिपीत पडेल सांगता येत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडून दोन्हींना नॉट असाइन्ड करा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस आहेच. कंट्रोल-ऑल्टच्या वाटेला जाऊ नका; इंग्लिश इंडिया कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ ने रुपयाचं चिन्ह उमटतं.

एक्सेल खरं मागे पडतं ते मॅक्रोचा कोड लिहायच्या खिडकीत. तिथे अवतरणात 'जमा' लिहिलंत तर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, कारण ती खिडकी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत, ओळखत नाही. उपाय दोन. पहिला, आकड्याचं अक्षर करून देणारं सीएचआरडब्ल्यू फंक्शन वापरून २३३२, २३५०, २३६६ हे तीन आकडे जोडा, झालं 'जमा'. दुसरा आणि शहाणपणाचा, मराठी शब्द एका लपवलेल्या शीटवर ठेवा आणि मॅक्रोला तिथून उचलायला सांगा. कन्नड शब्दांनाही हेच लागू. कॅल्कमध्ये मॅक्रो बेसिक भाषेत लिहितात, त्या खिडकीत मात्र मराठी सरळ टाईप होतं.

कॅल्कमध्ये मॅक्रो रेकॉर्डर मुळात बंद असतो. टूल्स, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्डमध्ये तो चालू करा. मग टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड. वर उजवीकडे कॅल्क निवडा. लिबरऑफिस ठेवलंत तर मजकूर लिहायच्या रायटरमध्येही तीच की चालेल. खाली कॅटेगरीतून माय मॅक्रोज, मग स्टँडर्ड, मग मॉड्यूल, मग नाव. वरच्या यादीतली की निवडून असाइन. इथे जे-एनची जोडी फसते: कंट्रोल-शिफ्ट-जे म्हणजे फुल स्क्रीन, कंट्रोल-शिफ्ट-एन म्हणजे टेम्प्लेटची यादी. ती कामं लागत नसतील तर खुशाल घ्या. मॅक्रो मात्र माय मॅक्रोजमध्येच हवा. फाईलच्या आत ठेवलेला इथे दिसतच नाही आणि मग लोक इन्स्टॉलेशनला दोष देत बसतात. अनडूच्या बाबतीत कॅल्क जिंकतं, मॅक्रोने केलेलंही एकेक पाऊल मागे घेता येतं.

शाखेतल्या दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर कॅल्कमध्ये त्याच कीबोर्ड पानावर सेव्ह आणि लोड आहे, सगळे शॉर्टकट एका सीएफजी फाईलमध्ये उतरतात. मॅक्रो वेगळा न्यावा लागतो. एक्सेलमध्ये कोड कॉपी-पेस्ट केलात तर शॉर्टकट मागेच राहतो, कारण तो कोडमधल्या एका न दिसणाऱ्या ओळीत असतो. मॉड्यूलवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट फाईल करा, बीएएस फाईल दुसरीकडे इम्पोर्ट करा, शॉर्टकट सोबत येतो.