खाणींचा लिलाव झाला आणि वाड्यावर कर्जमुक्तीवाला आला

डिसेंबर 2022 मध्ये गोव्यात लोहखनिजाच्या खाण ब्लॉकांचा लिलाव झाला आणि महिनाभरात आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, कर्जमुक्तीचे कागद विकणारा एक गृहस्थ फिरू लागला. आमच्या घरातून त्याने सत्तर हजार नेले. तक्रार पोलिसांत आहे, म्हणून नाव घेत नाही. पण तो काय बोलतो नि काय मागतो, ते डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यातल्या खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांनी वाचून ठेवावं.

त्याचं बोलणं पटतं, कारण त्यातलं अर्धं खरं असतं. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, 2014 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. धंदा परत उभा राहिला असं समजून माझ्या थोरल्या भावाने 2016 मध्ये कर्ज काढून ट्रक घेतला. 7 फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या नि 16 मार्चपासून सगळं ठप्प. ट्रक नवा, हप्ता चालू, माल कुठेच नाही. वाड्यावरच्या बऱ्याच जणांनी गाड्या भंगाराच्या भावात काढल्या. भावाने काढली नाही. बँकेकडून हप्ता कमी करून, मुदत वाढवून घेतली आणि चिरे-खडीच्या ट्रिपा मारून तो ओढत राहिला. थकलं होतं, पण खातं जिवंत होतं.

हा माणूस आला तो खाकी फाइल घेऊन. आत 2014 च्या सरकारी कर्जदिलासा योजनेच्या कागदांची झेरॉक्स, पिवळ्या पेनने रेघा मारलेली. अशी योजना खाणग्रस्त कर्जदारांसाठी निघाली होती हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ती आधीच्या बंदीसाठी होती, आणि 2016 च्या कर्जाला ती लागूच होत नाही, हे मात्र तो सांगत नाही. म्हणाला, "पात्रांव (मालक), कोर्टानेच धंदा बंद केला, मग हप्ता तुम्ही का भरायचा? उद्या खाण सुरू झाली नि त्याच वेळी बँकेने ट्रक ओढून नेला तर?" भाऊ तिथेच अडकला. पाच वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, त्याच दिवशी दारात ट्रक नसेल ही भीती. कर्जाची भीती जुनी होती, तिची सवय झालेली. ही नवी होती, आणि मला विचाराल तर त्याने खरं विकलं ते हेच.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी फाइल चार्ज, मग वकिलाची फी, मग प्रमाणपत्र तयार आहे पण टॅक्स भरावा लागेल. सगळं यूपीआयने, कुणा तिसऱ्याच बाईच्या खात्यात. पावती मागितली की "शेवटी एकत्र देतो". सोबत सहीचे दोन कोरे चेक. आणि सगळ्यात घातक अट ही, की आता हप्ता भरायचा नाही, बँकेचा फोन उचलायचा नाही, पत्र आलं तर न फोडता त्याच्याकडे द्यायचं. "भरलात तर कर्ज मान्य केल्यासारखं होतं" म्हणे!

मग ते प्रमाणपत्र आलं. लग्नपत्रिकेसारखा जाड कागद, वर सिंहमुद्रा जराशी तिरकी छापलेली, कोपऱ्यात चमकणारं स्टिकर, खाली लाल शिक्का. मजकूर इंग्रजीत, त्यात भावाचा कर्जखाते क्रमांक बिनचूक. म्हणून विश्वास बसतो. तो क्रमांक आपणच दिलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सवरून घेतलेला असतो, हे त्या क्षणी डोक्यात येत नाही.

शाखेतल्या मॅनेजरबाईंनी तो कागद हातातही धरला नाही. असले आणखी आले होते त्यांच्याकडे. तोवर हप्ता थकून 90 दिवस उलटले होते, खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जांच्या यादीत, गेलं होतं, आणि जामीन राहिलेल्या आमच्या चुलतभावाला नोटीस पोचली होती. पुढची दिवाळी दोन्ही घरांनी वेगवेगळी केली. सत्तर हजारांपेक्षा मला ते जास्त लागलं.

गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेने अशाच लोकांविरुद्ध जाहीर इशारा दिला तो 11 डिसेंबर 2023 ला. कर्जमाफीची प्रमाणपत्रं देण्याच्या नावाखाली फी उकळतात, त्यांना तसा कुठलाच अधिकार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आमच्यासाठी उशिरा आला.

कर्ज सुटलं हे सांगणारा कागद फक्त कर्ज देणाऱ्याकडून येतो. ट्रकचं असेल तर त्यांची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा, त्यांच्या सहीचा फॉर्म 35 आरटीओत गेल्याशिवाय आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपुस्तकावरचा, बोजा उतरत नाही. तिसऱ्या माणसाने आणलेल्या सोनेरी कागदाला आरटीओचा शिपाईसुद्धा विचारत नाही. तडजोड करायची तर थेट शाखेत अर्ज द्या नि पोच घ्या. सेटलमेंट केलंत तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, तसा शेरा राहतो, हे धरून चाला. बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे एक पैसा लागत नाही, एजंटही लागत नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. कोरे चेक दिले असतील तर स्टॉप पेमेंट (चेक वटवू नका असं बँकेला कळवणं) आधी, बाकी सगळं नंतर. आम्ही ते केलं म्हणून ते दोन चेक तरी वटले नाहीत.

भावाने बँकेशी परत बोलून नवे हप्ते बांधून घेतलेत. 2024 मध्ये डिचोलीच्या ब्लॉकात काम सुरू झालं, त्याला तिथली ट्रिप अजून मिळालेली नाही. चिऱ्यांवरच चाललंय. त्या गृहस्थाचा फोन बंद आहे, म्हापशातल्या त्याच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्याकडे कुणी अशी फाइल घेऊन आला तर त्याचा यूपीआय नंबर टिपून पोलिसांना द्या, खातं गोठवायला तेवढाच धागा उपयोगी पडतो.