मेकाँब, मनरोव्हिल, नॉटिंग हिल: तीन कोर्टं, आधी कोणतं पाहाल?

वर्णद्वेषावरचा एखादा चांगला कोर्टाचा सिनेमा सुचवा, असं कुणी विचारलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. मीही कित्येक वर्षं तेच सांगत आले. हल्ली मात्र आधी विचारते, तुम्हाला कोर्टात कुणाचं ऐकायचंय? वकिलाचं, की आरोपीचं? कारण याच विषयावरचे आणखी दोन सिनेमे, 'जस्ट मर्सी' आणि 'मॅन्ग्रोव्ह', मी पुन्हा पुन्हा पाहिलेत आणि तिघांमधला खरा फरक तिथेच आहे.

'मॉकिंगबर्ड' १९६२ चा, कृष्णधवल. हार्पर ली यांच्या कादंबरीवर रॉबर्ट मलिगन यांनी केलेला. १९३०च्या दशकातलं अलाबामा राज्य, मेकाँब नावाचं काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे आणि त्याचं वकीलपत्र अ‍ॅटिकस फिंचने घेतलंय. हे सगळं आपण अ‍ॅटिकसच्या लहानग्या मुलीच्या, स्काउटच्या नजरेतून पाहतो. गोष्ट कल्पित असली तरी ज्या काळाची आहे तो काळ खराच तसा होता. १९३१ साली याच अलाबामात स्कॉट्सबरो खटल्यात ९ काळ्या मुलांना अशाच खोट्या आरोपाखाली उभं केलं होतं.

कोर्टाचा प्रसंग आजही पकड घेतो. अ‍ॅटिकस टॉमच्या दिशेने पाण्याचा ग्लास फेकतो, टॉम तो उजव्या हाताने झेलतो. डावा हात? तो बाराव्या वर्षी सरकीच्या यंत्रात सापडला, तेव्हापासून निकामी आहे. आणि मुलीच्या चेहऱ्यावरचे वळ तर डावखुऱ्या माणसाने मारल्याचे. पुरावा इतका लख्ख समोर असतो. खाली बाकांवर गोरे बसलेत, वरच्या सज्जात काळे दाटीवाटीने, आणि त्यांच्यातच अ‍ॅटिकसची मुलं. ग्रेगरी पेकला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं. पण टॉमचं काम करणाऱ्या ब्रॉक पीटर्सला बघा. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याच्या तोंडून निघून जातं की मला त्या मुलीची दया आली, आणि कोर्ट थंड पडतं. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची दया करावी, हाच त्याचा गुन्हा ठरणार हे आपल्याला त्या क्षणी कळतं.

माझी तक्रार याच्या पुढची आहे. एवढ्या मोठ्या सिनेमात टॉम मनापासून बोलतो तो फक्त त्या पिंजऱ्यात, तेही विचारल्यावर. त्याचं घर, बायको, तुरुंगातल्या रात्री यातलं फारच थोडं आपल्या वाट्याला येतं. आपण रडतो ते अ‍ॅटिकससाठी.

'जस्ट मर्सी' (२०१९) इथूनच सुरू होतो, अगदी शब्दशः. हार्पर ली यांचं गाव मनरोव्हिल. तिथलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे आणि तिथे दरवर्षी 'मॉकिंगबर्ड'चं नाटक होतं. त्याच गावच्या परिसरात लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला १९८७ मध्ये एका गोऱ्या तरुणीच्या खुनासाठी पकडलं. खुनाच्या वेळी तो घरी होता, अंगणात चर्चसाठी मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालू होता, त्याला पाहणारे कितीतरी होते. तरी खटला उभा राहण्याआधीच वर्षभराहून जास्त काळ त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठडीत डांबलं. ज्युरीत, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, ११ गोरे, १ काळा. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशांनी ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. अलाबामात न्यायाधीशांचा हा अधिकार २०१७ पर्यंत शाबूत होता. सिनेमात ब्रायन स्टीव्हन्सन हा तरुण काळा वकील अपील लढायला गावात येतो, तर त्याला सल्ला मिळतो की आलाच आहात तर 'मॉकिंगबर्ड'चं संग्रहालय बघून जा. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिलेत तर हे वाक्य कानशिलात बसल्यासारखं लागतं.

इथे जेमी फॉक्सचा वॉल्टर भरपूर दिसतो, चिडतो, आशा सोडतो, वकिलावर अविश्वास दाखवतो. पण माझ्या मनात राहिला तो दुसराच कैदी, व्हिएतनाम युद्धातून मन मोडून परतलेला हर्बर्ट रिचर्डसन. त्याला विजेच्या खुर्चीकडे नेतात तेव्हा बाकीचे कैदी आपापल्या कोठडीच्या गजांवर पत्र्याचे कप आपटत राहतात. तू एकटा नाहीस, एवढंच सांगायला. त्या आवाजानंतर मी सिनेमा थांबवून पाणी प्यायले होते.

उणीव सांगायची तर स्टीव्हन्सन फार निर्दोष रंगवलाय. शिवाय खटला आधीच होऊन गेलाय, त्यामुळे पाहायला मिळतात त्या फेरसुनावण्या. उलटतपासणीची चकमक हवी असेल तर ती कमी आहे.

ती मिळते 'मॅन्ग्रोव्ह'मध्ये, आणि कशी! स्टीव्ह मॅक्वीन यांनी २०२० मध्ये बीबीसीसाठी 'स्मॉल अ‍ॅक्स' ही पाच चित्रपटांची मालिका केली, त्यातला हा पहिला. त्रिनिदादहून आलेल्या फ्रँक क्रिचलोने १९६८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये 'मॅन्ग्रोव्ह' नावाचं रेस्टॉरंट काढलं. दीड वर्षात पोलिसांनी तिथे १२ धाडी घातल्या. ९ ऑगस्ट १९७० ला लोकांनी निषेध मोर्चा काढला, झटापट झाली आणि नऊ जणांवर दंगलीचा खटला भरला. पुढच्या वर्षी ओल्ड बेली या लंडनच्या मोठ्या फौजदारी न्यायालयात तो ५५ दिवस चालला.

आणि आरोपींपैकी डार्कस हाऊ आणि अल्थिया जोन्स-लेकॉइंट यांनी वकील न घेता स्वतःच आपली बाजू मांडली. ज्युरीही आमच्यासारख्या काळ्या लोकांचीच असावी, अशी त्यांची मागणी होती. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो, त्यापलीकडे आपला तिच्याशी संबंध उरलेला नाही. पण बारा जणांत कोण बसतं यावर निकाल कसा हलतो, हे इथे नीट कळतं. मागणी फेटाळली गेली, तेव्हा बचाव पक्षाने एकेक करून ६३ नावं नाकारली आणि शेवटी बारांत दोन काळे बसवले. डार्कस पोलिसालाच विचारतो की गाडीच्या एवढ्याशा फटीतून तुम्हाला हे सगळं दिसलं कसं. तो विचारत असताना आपण नकळत खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. क्रिकेटवेड्यांसाठी सांगते, डार्कस हा 'बियाँड अ बाउंड्री' हे क्रिकेटवरचं गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या सी. एल. आर. जेम्स यांचा भाचा, आणि जेम्सही सिनेमात भेटतात.

फ्रँक मात्र पुढारी नाही, त्याला फक्त हॉटेल चालवायचंय. धाड पडून गेल्यावर स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेलं एक भोकाभोकांचं गाळायचं भांडं डुगडुगत राहतं आणि कॅमेरा ते थांबेपर्यंत हलत नाही. रोज जिथे जेवण शिजतं ती जागा कुणीतरी लाथाडून गेलंय, हे त्या भांड्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच भाषणातून कळत नाही.

ज्यांनी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) पाहिलाय, त्यातल्या लोकशाहिराला पिंजऱ्यात गप्प उभं राहिलेलं पाहून ज्यांचा जीव गुदमरलाय, त्यांनी तर थेट 'मॅन्ग्रोव्ह'च लावावा. आरोपी स्वतः बोलायला लागला की कोर्टाची हवा कशी बदलते ते दिसेल.

सोबत सातवी-आठवीतली मुलं असतील तर 'मॉकिंगबर्ड'. मात्र बलात्काराचा आरोप म्हणजे काय हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या, आणि पाहून झाल्यावर टॉमच्या बाजूने गोष्ट सांगायला लावा. 'जस्ट मर्सी' कॉलेजच्या मुलांबरोबर. मृत्युदंडाचा प्रसंग लहानांना झेपणार नाही. मोठ्यांना एकच संध्याकाळ मोकळी असेल तर माझं मत 'मॅन्ग्रोव्ह'ला. पोलिसांची मारहाण आणि शिव्या आहेत, तयारी ठेवा. आणि त्रिनिदादी इंग्रजी पहिल्या अर्ध्या तासात कानाला अवघड जाते, म्हणून सबटायटल्स सुरुवातीपासूनच लावून ठेवा, नाहीतर अल्थियाचं बोलणं निसटेल.