स्विस ट्रॅव्हल पास: रोज फिरणार असाल तर डोळे झाकून घ्या

स्वित्झर्लंडची सहल आखताना आम्ही आधी हा पास घेतला आणि मग मार्ग ठरवला. पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, ५०० हून जास्त संग्रहालयं, सगळं येतं. रिगीचा डोंगरही त्यातच, वेगळं तिकीट नाही. १६ वर्षांखालची मुलं पासधारक आईवडिलांसोबत फुकट, फक्त फॅमिली कार्ड आठवणीने मागून घ्या.

मला सगळ्यात भावला तो झुरिक ते लुगानो प्रवास. २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यात गाडी शिरते ती जर्मन बोलणाऱ्या भागातून आणि बाहेर पडते ती थेट इटालियन भागात! स्टेशनांच्या पाट्या बदलतात, घरांचे रंगही. भाषेची धास्ती मात्र नको. एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) अ‍ॅपमध्ये इंग्रजी आहे आणि आपला डबा फलाटाच्या ‘ए’ भागात लागणार की ‘डी’ भागात, हेसुद्धा त्यात दिसतं. सामान घेऊन धावपळ नाही.

आता खर्चाचं. युंगफ्राउयोखला, म्हणजे आल्प्समधल्या उंचावरच्या रेल्वे स्टेशनला, पासवर नुसती सवलत आहे, तिथलं तिकीट वेगळं काढावंच लागतं. बर्निना एक्सप्रेस या आल्प्स ओलांडणाऱ्या पर्यटक गाडीच्या आरक्षणाचे पैसेही वेगळे. पण त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढायचे असतील तर मी तीच गाडी सुचवेन.

एकाच गावात मुक्काम ठोकणार असाल तर हाफ फेअर कार्ड, म्हणजे अर्ध्या भाड्यात तिकीट देणारं कार्ड, बघा.