संस्थेच्या हिशेबासाठी पिकल: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

नेरूळमधील आमच्या 64 सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार झाल्यावर, देखभाल शुल्काच्या बिलांसाठी तयार सॉफ्टवेअरचे पैसे दर वर्षी भरण्याऐवजी मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःच प्रोग्रॅम लिहिला आणि माहिती साठवण्यासाठी पिकल, म्हणजे प्रोग्रॅममधील माहिती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवणारे साधन, वापरले. ते पायथनबरोबरच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही आणि फुकट आहे. निवड तिसऱ्या कारणाने झाली, हे कबूल करतो. डंप करावे (फाइलमध्ये साठवावे), पुढच्या महिन्यात लोड करावे (परत वाचून घ्यावे), असे चौदा महिने बिनबोभाट चालले.

एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षाची बिले काढायला बसलो आणि फाइल उघडेना. पडद्यावर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’, म्हणजे कोडची फाइल सापडत नाही, आणि त्यापुढे ‘हिशोब’ हे नाव. त्याच आठवड्यात नवा लॅपटॉप घेऊन पायथन 3.8 वरून 3.14 वर आलो असल्याने सगळा राग नव्या आवृत्तीवर काढला, जुना लॅपटॉप माळ्यावरून उतरवला, प्रोग्रॅम त्यावर नेला, तर तिथेही तीच ओळ. नव्या आवृत्तीचा काही दोष नव्हता. पाडव्याच्या सुटीत आवराआवर करताना मी हिशोब.पीवाय या कोडच्या फाइलचे नाव बदलून देयके.पीवाय केले होते, एवढेच घडले होते.

पिकल प्रत्येक सदनिकेची थकबाकी, मालक, क्षेत्रफळ हे सारे लिहून ठेवते; पण ‘सदनिका’ हा क्लास (नोंदीचा कोडमधला साचा) मात्र लिहीत नाही, तो कोणत्या मॉड्यूलमध्ये कोणत्या नावाने सापडेल एवढेच टिपून ठेवते आणि लोड करताना तिथे शोधायला जाते. हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे आणि मी ते वाचले नव्हते, हेही मान्य. तरीही चौदा महिन्यांची थकबाकी एका फाइलच्या नावावर टांगलेली असावी आणि साठवताना त्याची एका शब्दानेही जाणीव करून दिली जाऊ नये, हे मला आजही पटत नाही. भाडेकरूने घर बदलले म्हणून त्याची अनामत बुडत नाही. उपाय मात्र दोन मिनिटांचा निघाला: हिशोब.पीवाय या जुन्या नावाची फाइल पुन्हा तयार करून तीत देयकेमधून सदनिका आयात करायची, लोड करायचे आणि लगेच पुन्हा डंप करायचे. नव्या फाइलमध्ये नवे नाव आपोआप लिहिले जाते.

मे महिन्यात याच दोषाचे धाकटे भावंड भेटले. सर्वसाधारण सभेने पार्किंग शुल्क मंजूर केले, मी क्लासच्या इनिटमध्ये (नवी नोंद तयार होताना चालणाऱ्या भागात) ते जोडले, फाइल मुकाट्याने लोड झाली आणि पहिले बिल छापताना रात्री अकरा वाजता ‘ॲट्रिब्यूट एरर’ आली, म्हणजे नोंदीत ते शुल्क सापडेना. लोड करताना पिकल इनिट चालवतच नाही. जुन्या वस्तूंवर (साठवलेल्या नोंदींवर) जे होते तेवढेच परत ठेवते. शुल्काचे मूळ मूल्य शून्य म्हणून थेट क्लासवर लिहिल्यावर काम भागले.

इथवर आल्यावर मी चिडून सगळे जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात हलवायला घेतले आणि तेव्हा कुठे पिकलची किंमत कळली. आमच्याकडे एका कुटुंबाच्या शेजारी-शेजारी दोन सदनिका आहेत आणि दोन्हींना मालकाची एकच वस्तू जोडलेली आहे. सगळ्या सदनिका एकत्र डंप केल्या की लोड झाल्यावरही ती एकच राहते, त्यामुळे दूरध्वनी क्रमांक एकदा बदलला की दोन्ही बिलांवर बदलतो. जेसनमध्ये त्या मालकाच्या दोन नकला झाल्या. तारखा आणि डेसिमल या अचूक दशांश प्रकारातील पैसे तर जेसन सरळ घेईचना. मी निमूट परत आलो.

जूनच्या पहिल्या पावसात डंप चालू असताना वीज गेली आणि थकलेल्या बॅटरीचा लॅपटॉप जागीच बंद पडला. फाइल लिहिण्यासाठी उघडताक्षणी आधीचा मजकूर पुसला जातो, त्यामुळे हाती शून्य बाइटची फाइल आली. तो दोष पिकलचा नव्हे, माझ्या कोडचा. आता आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच रिप्लेस या आज्ञेने मूळ नाव देतो. मेअखेरची प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून निभावले. सुरक्षिततेबद्दल एकच: पिकल फाइल लोड करताना तिच्यात दडवलेले कोडही चालू शकते, म्हणून दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल, पाठवणारे अध्यक्ष असले तरी, मी उघडत नाही.

चालू वर्षाची माहिती पिकलमध्येच आहे. वर्ष संपले की आकडे सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उतरवून ठेवायचे असे ठरवले आहे. लेखापरीक्षणासाठी कपाटात जपलेली मार्चअखेरची प्रत मात्र अजून जुन्याच नावाची आहे, म्हणून ती हिशोब.पीवाय, आत एकच ओळ असली तरी, मी पुसलेली नाही.